दोन सिझेरियननंतर सुटलेलं पोट: शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

प्रश्न: वय ३६, साखळीला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. दोन्ही मुलं सिझेरियनची, थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६८ किलो. दीड वर्षात नऊ किलो कमी केलं, पण पोटाची लोंबती कातडी तशीच राहिली. साडी नेसताना ती आत कोंबावी लागते, खाली घामाने खाज येते, कंबर दुखते. बसमध्ये मला गरोदर समजून लोक उठून जागा देतात. एका क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या काउन्सेलरने फोटो बघून सांगितलं की टमी टक (पोटाची जादा कातडी कापून पोट आवळणं), लिपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) आणि छातीचं काम एकाच वेळी करू, महिनाअखेरपर्यंत आगाऊ रक्कम भरली तर सवलत मिळेल. नवरा म्हणतो, धडधाकट माणसाने पोट कशाला फाडून घ्यायचं? सासूबाई म्हणतात, लेकरं झाली की पोट सुटायचंच. मी करून घेऊ का? की हे माझे नुसते चोचले आहेत?

उत्तर:

चोचले नाहीत. आणि ती आगाऊ रक्कम भरू नका. एवढ्या दोन गोष्टी मी इथे बसून ठामपणे सांगू शकते. शस्त्रक्रिया करावी का, याचं उत्तर मात्र तुम्हाला आडवं झोपवून, उभं करून, खोकायला लावून पोट हाताने तपासल्याशिवाय कोणीही देऊ नये. तुम्हाला ते फोटोवरून मिळालं, आणि तेही डॉक्टरकडून नव्हे.

मी प्लॅस्टिक सर्जन आहे, गोव्यातच काम करते. बाळंतपणांनंतरचं पोट घेऊन येणाऱ्या बायका माझ्या समोर बसल्या की बहुतेक वेळा आधी माफी मागतात: डॉक्टर, तसं मला काही झालेलं नाही, तुमचा वेळ घेते. त्यांना काहीतरी झालेलं असतं. दोन गरोदरपणांनी शरीर बदललेलं असतं आणि त्यातले काही बदल व्यायामाने परत फिरत नाहीत. म्हणून आधी पोटाचं बोलू, मनाचं नंतर.

बाहेरून एकच दिसणाऱ्या त्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिघींचा उपाय वेगळा. पहिली कातडी. ती ताणून तिच्यातले तंतू तुटले की पांढरे चट्टे पडतात, आणि अशी कातडी चालून, पळून, तेल चोळून आवळत नाही. दुसरी चरबी, आणि तिच्यातही दोन प्रकार: कातडीखालची, जी चिमटीत धरता येते, आणि स्नायूंच्या मागे आतड्यांभोवती असलेली, जिच्यापर्यंत कुठल्याच सौंदर्यशस्त्रक्रियेचा हात पोचत नाही. तिसरी स्नायू. पोटाच्या मधोमध वरून खाली जाणारे दोन सरळ स्नायू असतात. गरोदरपणात त्यांच्यामधली पट्टी ताणून पातळ होते आणि ते बाजूला सरकतात. बऱ्याच जणींचे पुढच्या काही महिन्यांत जवळ येतात, काहींचे येत नाहीत. मग वजन उतरलं तरी उभं राहिल्यावर पोट पुढेच दिसतं, आणि संध्याकाळी जास्त.

घरी करून बघण्यासारखी एक साधी तपासणी आहे. सकाळी पोट रिकामं असताना पाठीवर झोपा, गुडघे मुडपा. पोट सपाट बसलं, आत गेलं, तर तुमचा त्रास मुख्यतः कातडीचा आणि स्नायूंचा आहे. झोपल्यावरही ते घुमटासारखं वरच राहिलं तर आतली चरबी बरीच आहे, आणि ती आहारानेच कमी होईल. मग बेंबीच्या थोडं वर बोटं आडवी ठेवून फक्त डोकं उचला. मधल्या खाचेत दोनपेक्षा जास्त बोटं बुडत असतील तर स्नायूंमध्ये अंतर पडलेलं आहे, ते सोनोग्राफीत मोजता येतं. आणि खोकल्यावर बेंबीपाशी किंवा टाक्यांच्या जागी फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. तो सौंदर्याचा विषय नाही. त्यासाठी जनरल सर्जनला दाखवायला हवं, म्हापशाला आझिलोत, म्हणजे जिल्हा इस्पितळात, किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, आणि टमी टकचा विचार त्याच्यानंतर. असा हर्निया ध्यानात न घेता वरून लिपोसक्शन केलं तर नळी आत जाऊन आतड्याला इजा होऊ शकते. फोटोवरून शस्त्रक्रिया ठरवणं मला का पटत नाही, त्याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

घडीखालच्या खाजेला शस्त्रक्रियेपर्यंत थांबण्याची गरज नाही. ती बहुधा घाम आणि बुरशीची असते. जागा धुऊन पूर्ण कोरडी करा, मऊ सुती कापडाची पट्टी घडीत ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरकडून बुरशीवरचं मलम घ्या. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमं आणून लावू नका. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते, पण कातडी पातळ पडते आणि बुरशी पुढे औषधाला दाद देत नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे येते. ६८ किलो आणि पाच फूट दोन इंच म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचं माप, साधारण २७.५. शस्त्रक्रियेला तो आडवा येत नाही, बहुतेक सर्जन ३० च्या खाली असावा म्हणतात. पण भारतीय शरीराच्या हिशेबाने २५ च्या वर लठ्ठपणाच धरतात, आणि नऊ किलो उतरवलेलं माणूस अजून चार-पाच उतरवू शकतं. ते आधी उतरलं तर नंतर कातडी पुन्हा सैल पडत नाही. वजन कुठेही थांबलं तरी निदान सहा महिने तिथे स्थिर राहायला हवं. तिसरं मूल नको हे तुम्हा दोघांचं नक्की असायला हवं, कारण पुढचं गरोदरपण सगळं शिवणकाम पुन्हा ताणून टाकेल. हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या, गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर नक्कीच. तंबाखू कुठल्याही रूपात असेल, मशेरीसुद्धा, तर निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. मशेरीबद्दल बायका सांगत नाहीत, कारण ती त्यांना व्यसन वाटत नाही. पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि टमी टकमध्ये वरची कातडी खाली ओढून शिवलेली असते. तिथे रक्त कमी पोचलं की टाक्यांच्या मध्यावरची कातडी काळी पडते, मरते आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

म्हणजे सहा महिने तुम्हाला शरीरासाठीच थांबायचं आहे, आणि माझ्या मते निर्णयाची खरी कसोटीही याच सहा महिन्यांत लागते. सवलतीची मुदत, भावाचं लग्न, चवथीला येणारे मुंबईचे पाहुणे, यातली कुठलीही तारीख डोक्यावर असताना घेतलेला निर्णय मला भरवशाचा वाटत नाही. तारीख टळल्यावरही इच्छा तितकीच राहिली तर ती तुमची. ज्यांची इच्छा अशी टिकते, त्या शस्त्रक्रियेनंतरची बेचैनी फार शांतपणे काढतात, असा माझा अनुभव आहे. घाईत आलेल्या मात्र तिसऱ्या दिवशी रडतात आणि विचारतात, मी हे का केलं?

ते तीन दिवस आणि त्यापुढचे आठवडे कसे जातात, हे कोणी सांगितलं नसेल तर ऐका. शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि दोन ते चार तास चालते. छेद एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, खाली, आतल्या कपड्याच्या रेषेत असतो. सिझेरियनची जुनी खूण बहुतेकदा काढून टाकलेल्या कातडीबरोबर जाते. वरची कातडी बरगड्यांपर्यंत सोडवतात, दूर गेलेले स्नायू मधोमध शिवून जवळ आणतात, जादा कातडी कापतात, आणि बेंबी आपल्या जागी ठेवून तिच्यासाठी नवं छिद्र करतात. काही सर्जन पाणी साठू नये म्हणून दोन नळ्या ठेवतात, त्या काही दिवसांनी निघतात. पहिला आठवडा-दहा दिवस ताठ चालता येत नाही, वाकूनच चालावं लागतं, झोपतानाही गुडघ्यांखाली उशा. पोट आवळून धरणारा पट्टा साधारण सहा आठवडे. आपल्याकडच्या दमट हवेत, जून-जुलैत, हा पट्टा म्हणजे खरी परीक्षा असते. मेमध्येही तो सुखाचा नसतो.

बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो, थोडा कायमचाही राहू शकतो. सूज संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते, आणि हे तीन-चार महिने चालतं. व्रण वर्षभर लालसर किंवा गडद राहतो. आपल्या कातडीवर तो जाड होण्याची शक्यता गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असते. तुमची सिझेरियनची खूण कशी भरली ते आरशात बघा. ती रेघेसारखी बारीक असेल तर चांगली गोष्ट, दोरीसारखी उंच आणि खाजरी असेल तर नवीही तशीच, आणि कितीतरी लांब, होऊ शकते. ती जाड रेघ एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत तुम्हाला चालेल का, हे तुम्हीच ठरवायचं.

कातडीखाली पाणी साठणं हा सगळ्यात नेहमीचा त्रास, सुईने काढता येतो. जखम उसवणं, जंतुसंसर्ग, टोकांना कातडीचे फुगे राहणं आणि त्यासाठी छोटी दुरुस्ती करावी लागणं, हेही होतं. सगळ्यात गंभीर म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. हे विरळ आहे, पण सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये टमी टकला हा धोका जास्त असतो, आणि भुलेचा वेळ वाढला की तोही वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सर्जनला आधीच सांगा. कडेची थोडी चरबी त्याच वेळी काढणं नेहमीचं आहे, त्याला माझी हरकत नाही. पण तुम्ही न मागितलेलं छातीचं काम त्याच बैठकीत जोडायला मी नकार देईन. तुमच्या पत्रात छातीबद्दल एक अक्षरही नाही.

कंबरदुखीत काही बायकांना स्नायू शिवल्यावर खरा आराम पडतो. तुम्हाला पडेलच, असं मी म्हणणार नाही. आधी तीन महिने चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे पोटाचे आतले स्नायू बळकट करण्याचे व्यायाम करा. स्नायूंमधलं अंतर लहान असेल तर त्यानेच पोट आणि कंबर दोन्हींत फरक जाणवेल, आणि मग उरलेली कातडी तुम्हाला तितकी खटकणारही नाही. अंतर मोठं असेल तर व्यायाम वाया जात नाही, शस्त्रक्रियेनंतर उठणं-बसणं सोपं जातं.

मनाचं म्हणते ते असं. शंभरात साधारण दोन माणसांना आपल्या शरीरातला एखादा बारीक, दुसऱ्याला न दिसणारा दोष इतका छळतो की रोज तास-दोन तास त्यातच जातात. आरसा, फोटो, लपवाछपवी, लोकांत जाणं बंद. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत अशांचं प्रमाण यापेक्षा जास्त असतं. माझ्याकडे अशा मुली आल्या आहेत ज्यांच्या पोटावर मला चिमटीत धरायला कातडी सापडली नाही. त्यांना मी सुरी लावत नाही. शस्त्रक्रियेने त्यांचा त्रास संपत नाही, तो नाकावर नाहीतर मांड्यांवर जाऊन बसतो. हा मनाचा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत, बोलण्याचे आणि औषधांचे. बांबोळीची मानसोपचार संस्था त्यासाठीच आहे, तिथे जाण्यात कमीपणा नाही.

तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या गटात बसत नाही. तुम्ही शाळेत जाता, बसने फिरता, साडी नेसता, आणि काय खटकतं ते नेमकं सांगता. तरी एक प्रश्न स्वतःला विचारा. शस्त्रक्रिया चांगली झाली, साडी नीट बसली, खाज गेली, पण नवऱ्याने काही म्हटलंच नाही आणि शेजारणीला फरक कळलाच नाही, तरी तुम्हाला समाधान वाटेल? वाटणार असेल तर तुमची अपेक्षा शस्त्रक्रियेच्या आवाक्यातली आहे. घरातलं कोणी पुन्हा जवळ यावं, टोमणे थांबावेत, अशी अपेक्षा आत दडलेली असेल तर त्या गोष्टीला आधी तोंड द्या. आणि सध्या घरात दुःख, आजारपण, मोठं भांडण असं काही चालू असेल तर निर्णय पुढे ढकला.

नवऱ्याला भेटीला सोबत न्या. 'पोट कशाला फाडून घ्यायचं' यात मला विरोधापेक्षा भीती ऐकू येते. धडधाकट बायको भूल देऊन टेबलावर झोपणार, हे कोणालाही घाबरवणारं आहे, आणि त्याच्या प्रश्नांना सर्जनने तोंडावर उत्तरं द्यावीत. त्याची भीती रास्त आहे. परवानगी मात्र त्याने द्यायची नसते. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: सज्ञान बाई भुलेत असताना तिच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमतीही पुरेशी नाही, आणि एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीला आपोआप लागू होत नाही. जिवावर बेतलं असेल तेवढाच अपवाद. म्हणून संमतीपत्रावर काय-काय लिहिलं आहे ते शांतपणे वाचा, आदल्या दिवशी वाचा, टेबलावर जाण्याच्या तासभर आधी नव्हे.

सासूबाईंशी मात्र जमवून घ्या, कारण सहा आठवडे घर त्यांच्यावर किंवा दुसऱ्या कोणावर पडणार आहे. पाच वर्षांचा मुलगा उचलायचा नाही. पाण्याची बादली नाही, गॅसचा सिलिंडर नाही, विळीवर बसून नारळ खवणं नाही. चवथीच्या आधी असेल तर गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला हात वर करून उभं राहणं नाही. खाली बसायचा संडास असेल तर कमोडची सोय आधी करा. दिवसभर उभं राहून शिकवायला तीन-चार आठवडे तरी लागतील, स्कूटरलाही तितकेच. शाळेचा विचार करता दिवाळीची सुट्टी आणि तिला जोडून रजा, हा मला सगळ्यात बरा काळ वाटतो. हवा कोरडी होत जाते आणि पट्टा सोसवतो.

सर्जन निवडताना एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. प्लॅस्टिक सर्जरी ही पदवी बघा. नुसतं 'कॉस्मेटिक सर्जन' लिहिलेली पाटी पुरेशी नाही. नाव गोवा मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का ते विचारा, त्याचा राग मानणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका. आपल्याकडे बाहेरगावचे सर्जन शनिवार-रविवारी येऊन शस्त्रक्रिया करून परत जातात. त्यात वाईट काही नाही, फक्त मंगळवारी रात्री ताप आला तर मला कोण बघणार, त्यांचं नाव आणि फोन काय, हे लेखी घ्या. भूलतज्ज्ञ कोण, तिथे अतिदक्षता विभाग आहे का, नसेल तर सगळ्यात जवळचा कुठे? हे प्रश्न सर्जनला विचारा, काउन्सेलरला नको. सवलतीच्या मुदतीबद्दल एवढंच सांगते की वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत जाहिरात करून रुग्ण ओढायला मनाई आहे. चांगल्या सर्जनला तुम्ही परत यायला वेळ घेतला तर काही वाटत नाही.

खर्चाचा कागद फोड करून मागा: सर्जन, भूल, थिएटर, खोली, पट्टा, औषधं, आणि दुरुस्ती लागली तर तिचे पैसे कोणाचे. एरवी उपचारांवर सहसा नसलेला जीएसटी इथे लागतो. आरोग्यविम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा खरी वैद्यकीय गरज असेल तरच पैसे मिळतात, म्हणून हर्निया आहे की नाही याला पैशाच्या अंगानेही महत्त्व आहे. कर्ज काढून ही शस्त्रक्रिया करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा महिने थांबायचंच आहे, तेवढ्यात जमेल तितकं जमवा. स्वस्त पडतं म्हणून दूरच्या शहरात जाण्यापेक्षा तासाभराच्या रस्त्यावरचा सर्जन बरा, कारण नंतरच्या भेटी अनेक असतात. आणि ताज्या शस्त्रक्रियेनंतर तासन्‌तास बसून केलेला प्रवास गुठळीचा धोका वाढवतो.

सहा महिन्यांनी तुम्ही टेबलावर गेलात, तर एवढं घरच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. एका पोटरीला सूज किंवा दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, चक्कर, यातलं काहीही झालं तर क्लिनिकला फोन लावत बसायचं नाही, लगेच १०८ बोलवायची आणि बांबोळी गाठायची. ताप, टाक्यांभोवती पसरणारा लालपणा, दुर्गंधी, काळी पडणारी कातडी किंवा एका बाजूला एकाएकी वाढलेली सूज दिसली तर त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.